धुराची नळी केवढी असावी?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ‘उष्णता आणि इंजिने’ या विषयावर बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर नववीतला एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचे गॅरेज होते. त्याने विचारले, “सर, काकांच्या गाडीला आम्ही मॅनिफोल्डपासून शेवटपर्यंत सगळी जाड नळी बसवली. आवाज जोरात येतो, पण चढावर गाडी पहिल्यासारखी ओढत नाही. असं का?”

कॉलेजात असल्यापासून ऐकलेले उत्तर मी देऊन टाकले : “इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतं. नळी मोठी केली की ते जातं.” मुलगा खाली बसला. मागे उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाईंनी मात्र शांतपणे विचारले, “म्हणजे नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला, तर गाडी आणखी जोरात ओढेल का?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलाचे निरीक्षण खरे होते, बाईंची शंका रास्त होती आणि मी दिलेले कारण चुकीचे होते. घरी आल्यावर या नळीचा इतिहास चाळू लागलो. तेव्हा असे दिसले की माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती. निदान शंभर वर्षे अनेक हुशार माणसे या साध्या नळीपाशी अडखळली आहेत.

नळीतून काय जाते?

प्रथम इंजिनाची उजळणी करू. निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार-स्ट्रोक इंजिन यशस्वी करून दाखवले. हवा-इंधन आत घेणे, दाबणे, जाळून काम करून घेणे आणि धूर बाहेर टाकणे अशी ही चार पावले आहेत. आपला संबंध चौथ्या पावलाशी आहे.

धुराची झडप दट्ट्या अगदी तळाशी पोचण्याच्या थोडी आधीच उघडते. त्या वेळी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या काही पट असतो. त्यामुळे झडप उघडताच बराचसा वायू स्वतःच्या दाबानेच उसळून बाहेर पडतो. उरलेला वायू दट्ट्या वर येताना ढकलतो. दट्ट्या शिखरावर पोचतो तेव्हा क्षणभर धुराची आणि नव्या हवेची अशा दोन्ही झडपा एकाच वेळी किंचित उघड्या असतात. हा क्षण लक्षात ठेवावा. पुढची सारी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आता नळीतून एकाच वेळी दोन गोष्टी प्रवास करतात. एक म्हणजे प्रत्यक्ष वायू. इंजिन पूर्ण जोरात चालताना त्याचा वेग साधारण सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो. दुसरी म्हणजे दाबाची लहर. ती ध्वनीच्या वेगाने जाते. नेहमीच्या तापमानाला हा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो, पण वायू ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असला की तो ५५० मीटरच्या आसपास जातो. मालगाडीला इंजिन येऊन लागते तेव्हा धक्क्याचा खडखडाट क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो, डबे मात्र जेमतेम हललेले असतात. डब्यांची हालचाल आणि धक्क्याचा प्रवास यांत जो फरक आहे, तोच वायूचा प्रवाह आणि दाबाची लहर यांत आहे. नळीच्या इतिहासातले बहुतेक गोंधळ हा फरक न ओळखल्यामुळे झाले.

पहिला धडा : पाण्याच्या नळांकडून

नळीतल्या अडथळ्याचा नियम मोटारीच्या जन्माआधीच माहीत झाला होता. सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे शिकवणाऱ्या युलिउस वाइसबाख याने १८४५ साली आणि फ्रान्समधील दिजाँ शहराला पाणी पुरवणारा अभियंता आंरी दार्सी याने १८५७ साली जे काम प्रसिद्ध केले, त्यातून हा नियम आला. ठरावीक प्रवाह नळीतून न्यायचा असेल तर घर्षणात वाया जाणारा दाब व्यासाच्या पाचव्या घातांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा पाचवा घातांक फार बोलका आहे. २ इंची नळीच्या जागी अडीच इंची बसवली तर व्यास सव्वापट होतो, आणि सव्वाचा पाचवा घात तीनपेक्षा किंचित जास्त येतो. म्हणजे नळी पाव हिश्श्याने मोठी केली की दाबाचा तोटा एक तृतीयांश होतो.

पहिल्या मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा लोकांना तोट्याआधी आवाजाचा त्रास जाणवला. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कोलंबस गावी राहणाऱ्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली आवाज दाबणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. आपला सायलेन्सर तो हाच. सुरुवातीचे सायलेन्सर वायूला बराच अडथळा करीत. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक गाड्यांत पायाने दाबायची एक झडप असे. चढ आला की ती उघडायची, मग धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. गाडी थोडी जोर धरी आणि गल्ली दणाणून जाई. अनेक शहरांनी या झडपेच्या वापरावर बंदी घातली. ‘मोकळी नळी म्हणजे ताकद’ ही समजूत तेव्हापासूनची आहे, आणि तेवढ्यापुरती ती चूकही नव्हती.

दुसरा धडा : ओढणारी नळी

मोकळी नळीच सर्वांत चांगली असती, तर नळी पूर्ण काढून टाकणे उत्तम ठरले असते. तसे नाही, हे जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याला १८९० च्या दशकात दिसले. आजच्या हायब्रिड मोटारींत ज्याच्या नावाचे चक्र वापरतात तोच हा अ‍ॅटकिन्सन. मँचेस्टरच्या क्रॉसली कंपनीच्या, जागेवर बसवायच्या संथ गॅस इंजिनांना त्याने मुद्दाम सुमारे २० मीटर लांब धुराची नळी जोडली. घर्षणाच्या नियमाने पाहिले तर हा वेडेपणा होता, कारण लांबीबरोबर अडथळा वाढतो. पण उलटेच झाले. झडप उघडताच उसळलेला वायूचा लांबलचक स्तंभ जडत्वाने पुढे धावत राही आणि आपल्यामागे कमी दाब ठेवी. तो सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेई आणि त्याच्या जागी ताजी हवा शिरे. म्हणजे नळी नुसती वाट देत नव्हती, पंपाचे कामही करीत होती.

१९३० च्या दशकात मिशेल कादेनासी याने या परिणामावर अनेक पेटंटे घेतली. त्याचे म्हणणे असे की वायू एखाद्या गोळ्यासारखा एकसंध बाहेर फेकला जातो आणि त्याच्यामागे निर्वात पोकळी राहते. या परिणामाला आजही ‘कादेनासी परिणाम’ म्हणतात. त्याचे निरीक्षण बरोबर होते, स्पष्टीकरण मात्र अपुरे होते. वायू दगडासारखा फेकला जात नाही. त्यातून लहरी धावतात आणि परत फिरतात. ओढ किती लागणार आणि केव्हा लागणार, हे नळीची लांबी आणि जाडी ठरवते.

लहर परत फिरते ती कशी, हे वर्गात दोरीने दाखवता येते. दोरीचे एक टोक खिळ्याला घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाला वर झटका द्या. वर उठलेली लाट खिळ्यापाशी जाऊन उलटी होते आणि खालच्या बाजूने परतते. खिळ्याशी दोरी हलू शकत नाही म्हणून असे होते. नळीच्या उघड्या तोंडाशी वायूचा दाब असाच बाहेरच्या हवेच्या दाबाला जणू बांधलेला असतो. त्यामुळे जास्त दाबाची लहर तिथून कमी दाबाची होऊन परतते. ही कमी दाबाची लहर, दोन्ही झडपा उघड्या असण्याच्या त्या क्षणी सिलिंडरपाशी पोचली, तर धूर ओढला जातो. वेळ चुकली तर हीच नळी धूर आत ढकलायलाही मदत करते.

ढोबळ हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे करीत असेल तर एका फेरीला ०.०१ सेकंद लागतो. दाबाचा मुख्य ठोका निघाल्यापासून ओढ हवी त्या क्षणापर्यंत साधारण एक तृतीयांश फेरी होते, म्हणजे ०.००३३ सेकंद. ५५० मीटर वेगाने लहर तेवढ्यात १.८ मीटर जाते. जाऊन-येऊन एवढे अंतर, म्हणून नळी हवी ०.९ मीटर. आता वेग ३००० फेऱ्यांवर आणा. वेळ दुप्पट होतो आणि नळीही दुप्पट लांब हवी. एकच नळी दोन्ही वेगांना साजेशी असू शकत नाही.

शर्यतीतले धडे

या लहरींचा सर्वांत धाडसी उपयोग केला पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन याने. एमझेड कारखान्याच्या दोन-स्ट्रोक शर्यती मोटारसायकलींवर तो काम करी. मधे फुगीर आणि पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या नळीने तो बाहेर निसटलेले ताजे मिश्रण लहरीच्या धक्क्याने परत सिलिंडरमध्ये लोटत असे. १९६१ साली त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. हे प्रमाण लिटरला २०० अश्वशक्ती इतके पडते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ साली त्याने सुझुकीला ५० घनसेंटिमीटर गटाचे विश्वविजेतेपद मिळवून दिले. एका नळीच्या आकाराचे ज्ञान किती मोलाचे होते, हे यावरून कळते.

मोटारींच्या चार-स्ट्रोक इंजिनांत नळ्या एकमेकींना मदत करतील अशा जोडण्याची युक्ती पुढे आली. फोर्डच्या जीटी ४० या गाडीचे व्ही-८ इंजिन पाहावे. त्यात सिलिंडरांच्या दोन रांगा होत्या, पण एका रांगेतले ठोके समान अंतराने पडत नसत. म्हणून एका रांगेच्या दोन नळ्या दुसऱ्या रांगेकडे नेऊन चार-चारचे असे गट केले, की प्रत्येक गटातले ठोके समान अंतराने पडावेत. त्या नळ्यांच्या वेटोळ्याला ‘सापांचा भारा’ म्हणत. नळी हा इंजिनाचाच एक भाग आहे, हे अशा रचनेतून दिसते. १९६२ साली फिलिप स्मिथ याचे धुराच्या आणि हवेच्या नळ्यांच्या शास्त्रीय रचनेवरचे पुस्तक निघाले. १९६४ च्या सुमारास रोलंड बेन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नळीतल्या लहरींचे गणित संगणकावर सोडवायला सुरुवात केली.

‘बॅक प्रेशर’ कुठून आले?

एवढे ज्ञान असताना ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागते’ ही समजूत गॅरेजांत आणि माझ्यासारख्यांच्या डोक्यात का टिकली? कारण ती एका खऱ्या अनुभवावर उभी होती. हौशी माणूस गाडीची सगळी नळी जाड करतो आणि कमी वेगावरची ओढ गमावतो. यामागे वेगवेगळी कारणे असू शकतात.

पहिले कारण, सिलिंडरजवळच्या नळ्या जाड झाल्याने ठोका दुबळा होतो. तेवढाच वायू मोठ्या जागेत पसरला की दाबाची लहर उथळ होते आणि परत येणारी ओढही उथळ होते. वायूचा वेग कमी झाल्याने त्याच्या जडत्वाचा फायदाही घटतो. दुसरे कारण कार्बुरेटरच्या काळातले आहे. अडथळा कमी होऊन हवा जास्त शिरू लागली, पण जेट जुनाच राहिला, तर मिश्रण पातळ होते आणि गाडी अडखळते. तिसरे कारण आपल्या कानांत आहे. जास्त आवाजाची गाडी जास्त जोराची वाटते, आणि मग प्रत्यक्ष चढावर निराशा होते.

यांपैकी कुठेही इंजिनाला अडथळ्याची गरज नाही. गमावला तो नळीतला वेग आणि वेळेवर येणारी ओढ. मात्र बारीक नळीत वेग आणि अडथळा दोन्ही एकत्र वाढतात. म्हणून एकाचे श्रेय दुसऱ्याला गेले.

हे पडताळून पाहायचे तर टर्बोचार्जरकडे वळावे. धुराने फिरणाऱ्या चाकाने हवा दाबायची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ साली मांडली. १९२५ साली त्याने सुधारित पद्धत दिली. तिच्यात सिलिंडरांचे गट करून चाकापर्यंत वेगवेगळ्या बारीक नळ्या न्यायच्या असत, म्हणजे ठोक्यांचा जोर वाया जात नाही. पण चाकाच्या पलीकडे ठोक्यांचे काम संपलेले असते. तिथे दाब जितका कमी तितके चाक जोरात फिरते. म्हणून इंजिनाकडे बारीक आणि पुढे शक्य तितकी मोकळी नळी, हे टर्बो इंजिनाचे सूत्र ठरले. बॅक प्रेशर खरोखर हवेसे असते, तर चाकापलीकडची बारीक नळीही फायद्याची ठरली असती. ती तोट्याचीच ठरते.

मग निवड कशी करावी?

रोज रस्त्यावर चालवायची, पण जोमदार हवी अशी २ लिटरची टर्बो नसलेली चार सिलिंडरची गाडी घेऊ. नळीचे दोन भाग मानावेत. पहिला भाग सिलिंडरपासून चारही नळ्या एकत्र येतात तिथपर्यंतचा. इथे लहरींचे राज्य आहे. अशा गाडीला प्रत्येक नळी आतून ४० मिलिमीटरच्या आसपास पुरते. ती उगाच मोठी केली तर नुकसान होते, कारण रस्त्यावरचे इंजिन बहुतेक वेळ २००० ते ४००० फेऱ्यांत चालते.

दुसरा भाग त्यानंतरचा. इथे मुख्यतः दार्सी-वाइसबाखचा नियम चालतो. ६००० फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला सुमारे ०.१२ किलोग्रॅम वायू टाकते. तापलेल्या अवस्थेत त्याचे आकारमान ०.२७ घनमीटर होते. चार मीटर सरळ नळीचा हिशेब मी करून पाहिला. ५० मिलिमीटर नळीत वेग सेकंदाला १३७ मीटर आणि दाबाचा तोटा सुमारे ६.७ किलोपास्कल येतो. ६३ मिलिमीटर नळीत वेग ८७ मीटर आणि तोटा २.१ किलोपास्कल. ७६ मिलिमीटर नळीत वेग ६० मीटर आणि तोटा ०.८ किलोपास्कल. वळणे धरून हे आकडे दुप्पट माना. दट्ट्यावर काम करणारा सरासरी उपयुक्त दाब १००० किलोपास्कलच्या घरात असतो. म्हणजे ५० वरून ६३ वर गेल्यास थेट लाभ साधारण एक टक्का, आणि सिलिंडर जास्त स्वच्छ झाल्याचा थोडा वेगळा. ६३ वरून ७६ वर गेल्यास लाभ फक्त पाव टक्का. या पाव टक्क्यासाठी नळीचे वजन एक पंचमांशाने वाढते, गाडीखालची जागा घटते आणि आपल्याकडच्या गतिरोधकांवर नळी घासते.

वायू पुढे जाताना थंड होतो, हेही विसरू नये. ८०० अंशांचा वायू ५०० अंशांवर आला की त्याचे आकारमान सुमारे २८ टक्क्यांनी घटते. म्हणून शेवटचा तुकडा थोडा बारीक असला तरी चालते. उत्प्रेरक बसवलेली डबी तर काढूच नये. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली, ती हवेसाठी.

आणि आवाज? सायलेन्सरमधली पुंगळी काढून गल्ली दणाणून सोडणाऱ्यांच्या सायलेन्सरांवर महाराष्ट्रातल्या काही शहरांत पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे आपण वाचले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सरची अट आहेच. पण मुलांना कायद्याइतकेच हे गणितही सांगावे : आवाज ही इंजिनाबाहेर वाया चाललेली ऊर्जा आहे, आणि तीही फार थोडी. तो वाढला म्हणजे चाकांना काही मिळाले असे होत नाही.

एकच नळी सर्व वेगांना साजत नाही, या जुन्या अडचणीवर यामाहाने १९८७ साली आपल्या मोटारसायकलीत एक तोड काढली. नळीतच एक झडप बसवली. कमी वेगाला ती वाट अरुंद करून चुकीच्या वेळी परतणाऱ्या लहरीला अडवते आणि जास्त वेगाला पूर्ण उघडते. आजच्या काही जोमदार मोटारींच्या शेपटीकडेही उघडझाप करणारी झडप असते, ती कमी वेगाला आवाज दाबते आणि जोर हवा तेव्हा वाट मोकळी करते. शंभर वर्षांपूर्वी चढावर पायाने उघडायची झडप होती. हिचे काम आता संगणक करतो.

त्या शाळेला मी नंतर पत्र लिहिले. “बाईंची शंका बरोबर होती, माझे उत्तर चुकले,” असे सुरुवातीलाच कळवले. त्या मुलासाठी लिहिले, की मागची नळी राहू दे, पुढच्या चार नळ्या मूळच्या जाडीच्या बसवून पाहा. गाडी कार्बुरेटरची असल्यास जेटही तपास, आणि चढावर काय फरक पडतो तो कळव. महिन्याभराने पोस्टकार्ड आले. त्यावर एवढेच होते : “सर, चढावर गाडी पुन्हा ओढते. बाईंनी बोळ्याचा प्रयोग मात्र करू दिला नाही.”